जावयानं नेलेला आवाज

रत्नागिरीला आजवर जे जावई मिळाले, त्यांत सर्वांत महागात पडले पु. ल. देशपांडे. 12 जून 1946 रोजी त्यांनी इथल्या ठाकुरांच्या सुनीताशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. ना वाजंत्री, ना मानपान, ना विहिणींचे रुसवे. हुंड्याचं तर नावच नको. गावाला वाटलं असणार, जावई स्वस्तात पडला. पण या गृहस्थानं पुढं काय केलं, तर इथली माणसं कान देऊन ऐकली आणि अख्ख्या गावाचा आवाजच उचलून नेला. 1962 साली ‘व्यक्ती आणि वल्ली’ आलं, त्यात इथला अंतू बर्वा आला, आणि तेव्हापासून रत्नागिरीकरानं तोंड उघडलं की समोरचा आधीच हसायला लागतो. बिचाऱ्यानं फक्त ‘कोल्हापूरची गाडी गेली का?’ एवढंच विचारलेलं असतं.

मी या गावची सून. माहेर मिरजेचं. जावई येतो, पाहुणचार झोडतो आणि जातो. सुनेला इथंच राहायचं असतं. त्यातून मला विनोदी लिहायची खोड. रत्नागिरीत बसून विनोदी लिहिणं म्हणजे देहूत बसून अभंग रचणं. जागा उत्तम, वातावरण पोषक, पण मुख्य खुर्ची आधीच कुणीतरी अडवलेली.

माझा पहिला लेख एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी साभार परत पाठवला. सोबत चिठ्ठी : ‘पुलंची छाप फार जाणवते. स्वतःचा आवाज शोधा.’ मी हट्टाला पेटले. लाल पेन घेऊन लेखातले पुलं वेचायला बसले. मध्येच आडरस्त्याला लागणारी वाक्यं काढली. गंभीर चेहऱ्यानं केलेल्या कोट्या काढल्या. शाळेतल्या मास्तरांची नक्कल काढली, चाळ काढली, गाणारे शेजारी काढले. शेवटी हातात राहिली पावसाची दोन वाक्यं आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेली वाण्याची यादी. तेवढंच नीट टाईप करून पाठवलं. उत्तर आलं, ‘आता छाप नाही. लेखही नाही.’ यादीतल्या हिंगाबद्दल मात्र त्यांनी बरं लिहिलं होतं.

मग एका लेखन-शिबिराला गेले. मार्गदर्शकांनी सांगितलं, काही दिवस दुसऱ्याचं वाचन बंद ठेवा, डोळे मिटा आणि आतला आवाज ऐका. मी डोळे मिटले. आतून आवाज आला, ‘गॅस बंद केलास का?’ हा आईचा. तिनं तो तिच्या आईकडून घेतला होता. आजीच्या काळी गॅसच्या जागी चूल होती, एवढाच पाठभेद. आणखी आत गेले तर आकाशवाणीवरच्या बातम्या देणाऱ्या बाई भेटल्या, मिरजेच्या शाळेतल्या संस्कृतच्या बाई भेटल्या. अगदी तळाशी पुलं होतेच, पेटी घेऊन. माझं स्वतःचं असं तिथं कुणी नव्हतं. शिबिराची फी परत मिळत नाही, असं पावतीवर छापलेलं होतं.

म्हटलं, आवाज आत नाही तर बाहेर असेल. पुलंनी ज्या झऱ्यावर तांब्या बुडवला, त्याच झऱ्यावर आपणही जावं. आमच्या आळीत एक आप्पा आहेत. वय ऐंशीच्या पुढं, जीभ अजून विळीसारखी. सरकार, हवामान, जावई आणि हापूसचा भाव या चार विषयांवर त्यांचं बोलणं ऐकायला लोक वाट वाकडी करून येतात. मी वही घेऊन त्यांच्या ओटीवर बसायला लागले. आप्पा बोलत, मी उतरवून घेई. वही भरली. अस्सल माल! रात्री अहोंना वाचून दाखवला. त्यांनी तिसऱ्या ओळीला हात वर केला. ‘हे पुलंच्या कॅसेटमधलं आहे.’ पाचव्या ओळीला पुन्हा हात. नववी ओळ तर त्यांनी माझ्याआधी म्हणून दाखवली.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांना जाब विचारला. आप्पा मुळीच शरमले नाहीत.

‘अगो सूनबाई, ते आमचंच. माझा चुलता अस्साच बोलायचा. देशपांडे येण्याच्या आधीपासून.’

‘मग तुमच्या घरात त्यांची कॅसेट कशाला?’

आप्पांनी सुपारीचं खांड दाढेखाली सरकवलं. ‘विसरायला होतं हल्ली. उजळणी नको?’

या उत्तरावर मी बरेच दिवस विचार करत होते. गावानं बोलायचं, लेखकानं ऐकायचं, लेखकानं लिहायचं, गावानं पाठ करायचं आणि पुढच्या लेखकानं वही घेऊन गावाकडं जायचं. यात मूळ कोण आणि नक्कल कोण, हे पट्टीच्या वकिलालाही सांगता येणार नाही. आणि वकिलांचा तर या गावात कधीच तुटवडा नव्हता.

मग मी पुलंचीच उलटतपासणी घेतली. म्हटलं, या माणसानं तरी स्वतःचा आवाज कुठून आणला? तर तिथं सगळा उधारीचा मामला. ‘अंमलदार’ रशियाच्या गोगोलवरून. ‘सुंदर मी होणार’च्या मुळाशी लंडनमधल्या एका घरातला जुलमी बाप आणि त्याची कवयित्री मुलगी. ‘ती फुलराणी’ बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून, आणि शॉनं ती कल्पना उचलली ग्रीकांच्या पुराणातल्या मूर्तिकारावरून. ‘तीन पैशाचा तमाशा’ ब्रेख्तवरून, आणि ब्रेख्तनं 1928 साली ते घेतलं जॉन गे नावाच्या इंग्रजाच्या 1728 सालच्या नाटकावरून. दोनशे वर्षं एकच चोर वेगवेगळ्या देशांच्या रंगभूमीवर हिंडतोय आणि कुठंच फासावर जात नाही. याखेरीज गडकरी, चिं. वि. जोशी, वुडहाउस आणि चॅप्लिन यांच्याकडचं देणं वेगळंच. आणि गंमत अशी, की फुलराणी रंगमंचावर येऊन मास्तरवर डाफरायला लागली की लंडनची आठवणही होत नाही. शॉची फुलवाली लंडनच्या गल्लीतली भाषा बोलते. पुलंनी ती भाषा मराठीत आणायच्या फंदात न पडता सरळ दुसरी मुलगी शोधून आणली. गोष्ट शॉची, जीभ इथली.

हे कळल्यावर मला जरा धीर आला, आणि त्याच भरात एका रविवारी मी मालगुंडला गेले. गणपतीपुळ्याला येणारी माणसं देवदर्शन करतात, समुद्रात पाय बुडवतात, मोदक खातात आणि माघारी वळतात. पुढं दोन पावलांवर मालगुंड आहे. तिथं 1866 साली कृष्णाजी केशव दामले जन्मले. त्यांच्या घराचं आता स्मारक झालं आहे, कोकण मराठी साहित्य परिषदेनं उभारलेलं. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून शाळेत ज्यांच्या नावाखाली आपण दोन रेघा ओढल्या, ते केशवसुत हेच.

या जनकांचंही खातं तपासून पाहिलं. सुरुवातीला संस्कृत वृत्तांतली पंडिती धाटणी. पुढं इंग्रजी कवी वाचले. वर्ड्‌स्वर्थ वाचला, शेली वाचला, कीट्स वाचला. इंग्रजीतली चौदा ओळींची कविता उचलून मराठीत आणली. तिलाच आपण पुढं सुनीत म्हणायला लागलो. म्हणजे इथंही आयात मालच! पण शेलीनं पश्चिमेच्या वाऱ्याला हाक मारली होती, आणि केशवसुतांच्या कवितेचं नाव आहे ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’. मला वाटतं, सगळी मेख या दिशेत आहे. नकाशा काढून पाहा. शिकायला, नोकरीला घाटावर गेलेल्या मालगुंडच्या माणसाकडं घरावरून जो वारा येतो, तो नैर्ऋत्येकडूनच येतो. शेलीचा वारा होता पानगळीचा. आमच्याकडं या दिशेचा वारा म्हणजे पाऊस, भरलेली विहीर आणि आईची आठवण. शेलीचा पश्चिमेचा वारा जसाच्या तसा आणला असता, तर ते भाषांतर झालं असतं. दामल्यांनी दिशा बदलली आणि वारा मालगुंडचा झाला. शेलीला यात काही वावगं वाटलं असेल असं मला वाटत नाही. तो तेव्हा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

पुढची वंशावळ तर आणखी गोड आहे. राम गणेश गडकरी स्वतःला केशवसुतांचा चेला म्हणवत आणि कविता ‘गोविंदाग्रज’ या नावानं लिहीत. गडकऱ्यांना गुरू मानणाऱ्या अत्र्यांनी कवितेसाठी नाव घेतलं ‘केशवकुमार’ आणि ‘झेंडूची फुले’त केशवसुतांच्या ‘आम्ही कोण?’ची यथेच्छ टर उडवली. आजोबांची टोपी घालून आजोबांचीच नक्कल! पण विडंबन करायलासुद्धा मूळ कविता हाडीमाशी मुरलेली असावी लागते, आणि अत्र्यांच्या ती मुरली होती. शिरवाडकरांनी गोविंदाग्रजांच्या वळणावर ‘कुसुमाग्रज’ हे नाव घेतलं, आणि 1994 साली मालगुंडच्या स्मारकाचं उद्‌घाटनही त्यांच्याच हस्ते झालं. म्हणजे पणतूनं येऊन पणजोबांच्या घराचं दार उघडलं. यातल्या एकाचाही आवाज दुसऱ्यासारखा नाही. नावं मात्र सगळ्यांनी एकमेकांच्या खुंटीवरून काढून घेतली आहेत.

तरी या सगळ्यातला खरा उपदेश मला मालगुंडहून परतताना रिक्षात मिळाला. रिक्षावाले दादा जाखडीचे शाहीर निघाले. गौरी-गणपतीत आमच्याकडं जाखडी नाचतात : मधे गाणारे-वाजवणारे बसतात, भोवती एका पायात घुंगरू बांधलेले गडी गोल फिरतात. शक्तीवाले आणि तुरेवाले अशा दोन बाजू, आणि दोघांत रात्रभर सवाल-जवाब. हे दादा शक्तीवाले. हँडलच्या मागं एक दोनशेपानी वही खोचलेली होती. त्यांनी ती मला बघायला दिली. प्रत्येक पानावर डाव्या कोपऱ्यात लिहिलेलं : ‘चाल – अमुक अमुक’. एका गणावर, म्हणजे गणपतीच्या स्तवनावर, लिहिलं होतं ‘चाल – झिंगाट’.

मी विचारलं, ‘दादा, चाल स्वतःची का नाही लावत?’

ते आरशातून माझ्याकडं बघत म्हणाले, ‘ताई, चाल लोकांच्या ओळखीची पाहिजे. चालपण नवी नि शब्दपण नवे, मग माणसानं धरायचं कशाला?’

‘आणि कुणी म्हटलं की ही चोरी आहे?’

‘चोरी कशी? वर लिवलंय ना!’ मग गंभीर होऊन म्हणाले, ‘चाल कोणाचीपण घ्या. पण शेवटच्या कडव्यात गुरूचं नाव यायला पाहिजे, नि त्याच्याखाली आपलं. ते नाय आलं, तर समोरचा शाहीर भर मांडवात विचारतो, तुझा बाप कोण?’

आवाज कसा शोधावा यावर मी जाडजूड पुस्तकं वाचली आहेत. रिक्षाचं भाडं त्या पुस्तकांच्या किमतीपेक्षा पुष्कळच कमी झालं.

तेव्हापासून लेखातून पुलंना हाकलून लावायचा नाद मी सोडला. उलट चांगली बसायला जागा देते. फक्त ते जिथं बसले नाहीत तिथं आपण जाऊन बसावं, एवढा धूर्तपणा शिकले. अंतू बर्व्याच्या आळीबाहेर रत्नागिरी पुष्कळ मोठी आहे. राजिवडा आहे, मिरकरवाडा आहे, एस.टी. स्टँडवर पहाटे भाज्यांच्या पाट्या घेऊन उतरणाऱ्या कुणबिणी आहेत. आणि ओटीवरच्या गप्पा ज्यांच्या चहावर चालतात, त्या माजघरातल्या बायका आहेत. ओटीवरचा खवचटपणा छापून आला. माजघरातला अजून आमसुलांबरोबर वाळत पडलाय. आमच्या सासूबाई जन्मात कधी विनोद करायला गेल्या नाहीत. पण चिकट पाहुणा उठायचं नाव घेईना, की त्या आतून येऊन मायेनं म्हणतात, ‘बसा हो, घाई कसली! एस.टी. काय, उद्यासुद्धा असते.’ पाहुणा पायताण शोधायला लागतो. ही कला कुठल्या कॅसेटमध्ये आहे?

आणि मासळीबाजार! परवा मी बांगड्यांच्या वाट्यापुढं बसून रिवाजाप्रमाणे डोळे बघत होते. स्वच्छ, फुगीर डोळे म्हणजे ताजा. आत गेलेले, ढगाळलेले म्हणजे कालचा. मग कल्ला उचलून लाली बघितली. मावशीनं थोडा वेळ हे वधूपरीक्षण सहन केलं आणि मग म्हणाली, ‘एवढं काय बघतेस गो वैनी? मुलीला दाखवायचाय काय?’ मी भाव पाडून मागितला, तर शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं बोलली, ‘ह्या भावात बांगडो स्वतः उठून परत पाण्यात जायल.’ मी वाटा घेतला, वर एक बांगडा मागून घेतला, आणि वाक्यं फुकट मिळाली ती तशीच पिशवीत टाकली.

हा लेख त्याच संपादकांकडं पाठवते आहे. शाहिरांच्या रिवाजानं कडवं पुरं करते : चाल पुलंची, वारा मालगुंडच्या दामल्यांचा, उजळणी आप्पांची, टोमणा सासूबाईंचा, बांगडा मावशीचा, लिहिणारी त्यांची सून. यातलं एखादं वाक्य आपलंच आहे अशी कुणा रत्नागिरीकराला शंका आली, तर ती रास्त आहे. भांडायला जरूर यावं. मात्र सकाळी नऊच्या आत मासळीबाजारात यावं आणि मोठ्यानं भांडावं. माझ्याजवळ वही असते.