वस्तू म्हणजे मामा

ताई नेऱ्याला राहते आणि तिची लेक नववीत आहे. अशा घरी मामाने पावसाळ्यात जाऊ नये. मी गेलो, भजी खाल्ली आणि वर ऐटीत विचारलं, "विज्ञानात काही अडतंय का गं?"

वही पुढे आली. संवेग 20, गतिज ऊर्जा 40. वस्तुमान आणि वेग काढा. मी चष्मा पुसला, पंख्याकडे पाहिलं आणि निकाल दिला, "छपाईची चूक आहे."

"अरे मामा, भागाकार कर. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. ऊर्जा म्हणजे अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. ऊर्जेला संवेगाने भागलं की वस्तुमान उडतं, अर्धा वेग उरतो. म्हणजे वेग चार, वस्तुमान पाच किलो."

आता गप्प बसायचं, की नाही? मी म्हणालो, "कागदावर कुणीही काढेल. खऱ्या वस्तूवर दाखव."

वस्तू मीच ठरलो. देहरंग धरणाकडच्या रस्त्याला लागलेल्या एका कच्च्या वाटेवर मला भाऊजींच्या सायकलवर बसवण्यात आलं. हुकूम एकच: जोरात ये, खुणेपाशी ब्रेक दाब. दाबला. मागचं चाक चिखलात फरफटत गेलं आणि सायकल अगदी बांधाच्या काठावर थांबली. सायकल थांबल्यावर पाय टेकायचा असतो. मी टेकला, पण तिथे जमीन नव्हती, नुकतं लावलेलं भाताचं खाचर होतं.

1722 च्या सुमारास ग्रेव्हसांडे नावाच्या डच शास्त्रज्ञाने मऊ मातीत पितळी गोळे टाकून पाहिले होते. वेग दुप्पट केला की खड्डा चौपट खोल पडायचा; ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते ती अशी. गोळ्यांना मात्र नंतर आंघोळ घालावी लागली नसावी.

बांधावरून एक आजोबा ओरडले, "पोरी, टेप नंतर लाव, आधी मामाला उचल!" तिने आधी टेप लावली. चाकाचा ओरखडा आठ मीटर, मोबाइलच्या चित्रणात थांबायला लागलेला वेळ दोन सेकंद.

"ब्रेकचं बल गुणिले अंतर ही ऊर्जा, बल गुणिले वेळ हा संवेग. भागलं की बल उडालं. आठ भागिले दोन चार, हा अर्धा वेग. पूर्ण वेग सेकंदाला आठ मीटर, म्हणजे ताशी 29 किलोमीटर!"

सकाळीच मी ताईला सांगितलं होतं, 'ताशी दहाच्या वर आपण जात नाही.' ताईने नुसतं पाहिलं.

बल ठाऊक नसल्याने वस्तुमान निघेना. तिथे तरी सुटलो म्हणून मी चिखल झाडत होतो. पण वाटेत भातगिरणी लागली आणि गिरणीत काटा होता. मी घरी 75 सांगत आलोय. काटा 91 वर थांबला. "ओल्या कपड्यांचं वजन आहे," मी म्हणालो. गिरणीवाल्याने सदऱ्याची बाही पिळून पाहिली आणि मान हलवली.

नववीत भाची असलेल्या मामांनो, वजन आणि वेग दोन्ही खरेच सांगा. आणि सायकल चालवायचीच असेल, तर लावणी उरकल्यावर चालवा.