टाळ्यांना जामीन

ड्रम कोअरच्या दुनियेत ताल सुटला की पहिलं बोट प्रेक्षकांकडे जातं. फार ओरडले, नको तिथे शिट्ट्या मारल्या, पोरांना एकमेकांचं ऐकूच आलं नाही. प्रेक्षक बिचारे वकील न लावता गुन्हा कबूल करतात, कारण ओरडले तर ते असतातच. या आठवड्यात त्यांचं वकीलपत्र आम्ही घेतलं आहे. फी माफ.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : अमेरिकेत विशी-बाविशीपर्यंतची पोरंपोरी उन्हाळाभर शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपतात, दिवसभर उन्हात वाजवतात, रात्री बसमधून पुढचं गाव गाठतात आणि एवढे हाल करून घेण्यासाठी वर हजारो डॉलर भरतात. एका संघात दीडशेच्या आसपास मुलं. पितळी वाद्यं, ढोल, झेंडे. क्लॅरिनेट-बासरीला मज्जाव. साधारण बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम, आणि तो अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर पळत, वळत, तिरकं चालत वाजवायचा. ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही त्यांची शिखर संस्था. तिची पहिली अंतिम स्पर्धा 1972 साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी उघड्या मैदानात झाली. 2009 पासून अंतिम स्पर्धेचा मुक्काम इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये आहे. साठ हजारांवर खुर्च्या, वातानुकूलन, डोक्यावर सरकतं छप्पर. पावसाची चिंता मिटली. बाकीच्या चिंता तिथून सुरू झाल्या.

आधी आवाजाचा स्वभाव बघू. हवेत तो सेकंदाला सुमारे 343 मीटर चालतो. रोजच्या व्यवहाराला पुरे, पण मैदान जवळजवळ 49 मीटर रुंद आहे. ढोलांची रांग मागे चाळीस मीटरवर असेल तर तिचा ठोका पुढे, मैदानाच्या कडेला एका जागी राहून मरिम्बा (काठ्यांनी वाजवायचं लाकडी पट्ट्यांचं वाद्य) वाजवणाऱ्या पोरीच्या कानी पडायला साधारण 0.12 सेकंद लागतात. मिनिटाला 180 ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याचे चार तुकडे केले, तर एकेक तुकडा 0.08 सेकंदाचा. म्हणजे मागचा आवाज पुढे येईपर्यंत दीड तुकडा उडालेला असतो. दोघांनीही ताल दाखवणाऱ्या ड्रम मेजरच्या हातांकडे बघून वाजवलं, तर दोघंही बरोबर आणि स्टँडमध्ये बसलेल्याला मात्र दोनदा वाजल्यासारखं ऐकू येणार.

यावर या मंडळींनी शोधलेला तोडगा सुरेख आहे. मागच्यांनी डोळ्यांनी वाजवायचं, पुढच्यांनी कानांनी. पुढे असलेल्यांनी हातवाऱ्यांकडे दुर्लक्ष करून मागून येणारा ढोल ऐकायचा आणि त्यावर आपला ठोका ठेवायचा. मग दोन्ही आवाज हातात हात घालून प्रेक्षकांकडे जातात. आणि ढोलवाल्यांना उलट ताकीद : पुढून किंवा आडवं काहीही ऐकू आलं तरी विश्वास ठेवायचा नाही. संगीत शिकायला आलेल्या मुलाला पहिला धडा ‘कानावर जाऊ नकोस’ असा मिळतो. सरावात मेट्रोनोमचा स्पीकरसुद्धा मैदानाच्या मागच्या अंगाला ठेवतात, सगळ्यांना मागूनच ऐकायची सवय लागावी म्हणून.

आता या रचनेतली मेख लक्षात घ्या. ज्यांनी मागचं ऐकायचं, तेच प्रेक्षकांच्या सगळ्यांत जवळ असलेले. कार्यक्रमात एखादी जबरदस्त जागा येते, पन्नास-साठ तुतारीवाले एकदम स्टँडकडे तोंड करून फुंकतात, हजारो माणसं उभी राहून ओरडतात आणि त्या लाटेत मागचा ढोल बुडतो. पुढचे दोन-चार ठोके अंदाजपंचे. इथे सरकारी वकील उठून म्हणतात, बघा, गुन्हा सिद्ध झाला!

थांबा. ती जागा कशासाठी बसवली होती? लोकांनी उठून ओरडावं म्हणूनच ना? तुतारीचं तोंड थेट माणसाच्या छातीवर रोखायचं आणि मग त्याने ओठ शिवून बसावं, ही अपेक्षा फक्त नाट्यगृहातल्या मोबाइलविषयीच्या सूचनेत शोभते. आणि प्रेक्षकांची आरोळी कितीही मोठी असली तरी काही सेकंदांत ओसरते, खरा आरोपी बारा मिनिटं जागचा हलत नाही. तो डोक्यावर असतो.

उघड्या मैदानात वर आणि मागे गेलेला आवाज निघून जातो. बंद स्टेडियममध्ये तो जायला जागाच नाही. समोरची भिंत शंभर मीटरवर असेल, तर तिच्यावर आपटून परत यायला आवाजाला जवळजवळ 0.6 सेकंद लागतात. 180 च्या लयीत तेवढ्यात पावणेदोन ठोके होतात. पोरगं वाजवतं एक, त्याला परत ऐकू येतं मघाचंच, आणि त्याच्यावर शेजारच्याचं. पुण्यात लक्ष्मी रोडवर विसर्जनाच्या दिवशी दोन्ही बाजूंच्या इमारतींमध्ये सापडलेल्या पथकातल्या मागच्या रांगेला विचारा, ती हेच सांगेल; फरक इतकाच, की तिला कोणी शंभरपैकी गुण देत नाही.

भरीला आसनव्यवस्था. ड्रम कोअरचे बहुतेक प्रेक्षक मैदानाच्या एकाच लांब बाजूला बसतात, कारण सगळा देखावा त्या बाजूसाठी रचलेला असतो. समोरची बाजू बरीचशी रिकामी. त्याने काय बिघडतं ते कळायला थोडं मागे जाऊ. बोस्टनजवळ हार्वर्डमध्ये वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला 1895 साली फॉग संग्रहालयाचं एक व्याख्यानगृह सुधारायला सांगितलं होतं. तिथे एकदा उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा, म्हणजे एका वाक्यात वक्त्याची स्वतःशीच भांडणं. सबाइनने रात्री-रात्री सँडर्स थिएटरमधल्या गाद्या आणून मांडल्या, काढल्या, मोजल्या आणि दाखवून दिलं, की आवाजाचं रेंगाळणं खोलीचा आकार आणि खोलीत तो पिणारं काय किती आहे यावर ठरतं. माणूसही आवाज पितो. अंगावर कपडे घातलेला, खुर्चीत भरून बसलेला प्रेक्षक ही चांगलीच गादी आहे. याच हिशेबावर उभं राहिलेलं बोस्टनचं सिंफनी हॉल 1900 साली सुरू झालं आणि आजही त्याचं नाव आदराने घेतात.

म्हणजे आमचा अशील ओरडतो हे खरं, पण उरलेला सगळा वेळ तो फुकट प्रतिध्वनी पीत बसलेला असतो. गडबड करते ती त्याच्या समोरची रिकामी बाजू. नुसतं काँक्रीट आणि घडीच्या खुर्च्या. हळुवार परिणामासाठी वादक पाठ फिरवून तिकडे तोंड करतात आणि ती बाजू सगळं जसंच्या तसं परत पाठवते. सकाळी कुणी नसताना वाजवलेल्या आणि रात्री गर्दीत वाजवलेल्या त्याच कार्यक्रमाची इमारत म्हणूनच वेगवेगळी असते. मुलं उन्हाळाभर सराव करतात तो मात्र कुठल्या तरी शाळेच्या उघड्या मैदानावर.

यात स्टेडियमवाल्यांना दोष देता येत नाही, कारण ते बांधलंय फुटबॉलसाठी आणि फुटबॉलला गोंगाट हवाच असतो. पाहुण्या संघाला आपल्याच कप्तानाचं ऐकू येऊ नये, यात यजमानांचा फायदा. कॅन्सस सिटीच्या लोकांनी 2014 मध्ये 142.2 डेसिबलचा विक्रम केला, तोही छपराशिवाय, आणि गिनेसने प्रमाणपत्र दिलं. इंडियानापोलिसच्या आधीच्या डोममध्ये तर 2007 साली यजमानांनी गर्दीच्या आवाजाची ध्वनिफीत लावली असा संशय घेतला गेला. चौकशीत दोष प्रक्षेपणातल्या बिघाडाचा निघाला. जिथे गोंगाट ही मालमत्ता आहे, तिथे जाऊन मरिम्बा वाजवायचा आणि वर ऐकू येत नाही म्हणायचं.

मग ड्रम कोअरवाल्यांनी काय केलं? विजेवर चालणारे भोंगे. ध्वनिवर्धनाला 2004 मध्ये परवानगी मिळाली, सिंथेसायझरला 2009 मध्ये. होय, ज्या वर्षी अंतिम स्पर्धा या छपराखाली गेली त्याच वर्षी. आवाज आधीच गरगरतोय, त्यात सिंथेसायझरचा खर्ज सोडायचा. आणि खर्ज हा सगळ्यांत हट्टी पाहुणा, गाद्यांनाही तो सहसा दाद देत नाही.

एका वर्षाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. अंतिम स्पर्धा खरं तर 2008 मध्येच या नव्या स्टेडियमात व्हायची होती. बांधकाम लांबलं आणि सगळा लवाजमा ब्लूमिंग्टनला विद्यापीठाच्या उघड्या मैदानावर गेला. तिथे इलिनॉयच्या फँटम रेजिमेंटने ‘स्पार्टाकस’ सादर केला. पोरं वाजवता वाजवता ‘मी स्पार्टाकस!’ असं ओरडली आणि स्टँड पेटले. कोणाला काही ऐकू येईना, तरी फँटम जिंकलं : 98.125 विरुद्ध ब्लू डेव्हिल्सचे 98.100. प्रेक्षकांच्या आवाजाने कार्यक्रम बिघडतो म्हणणाऱ्यांनी त्या रात्रीचं चित्रीकरण एकदा बघावं.

आणि तो फरकही बघा. पंचवीस सहस्रांश. जिथे पुढच्या रांगेतल्याला एक ऐकू येतं, वरच्या मजल्यावरच्याला दुसरं, आणि कोपऱ्यातल्याला दोन्ही एकावर एक, तिथे गुण दशांशानंतर तीन आकड्यांपर्यंत. परीक्षकही बहुतेक वरच्या मजल्यावरच बसतात. सोनाराचा काटा भूकंपात धरावा तसा हा प्रकार, आणि गंमत म्हणजे गुणपत्रिकेवर सगळ्यांचा विश्वास असतो, ओरडणाऱ्यावर नसतो.

आमचा युक्तिवाद संपला. छप्पर पाडा असं आम्ही म्हणत नाही. ऑगस्टमधल्या वादळी पावसात पितळेच्या नळकांड्या घेऊन उभं राहणाऱ्यांना त्याची किंमत माहीत आहे. निदान सरकतं आहे तर कोरड्या संध्याकाळी सरकवा, आणि समोरच्या रिकाम्या बाजूची तिकिटं स्वस्तात द्या. गाद्या महाग पडतात, विद्यार्थी नाहीत.

इंडियानापोलिसच्या बाजूला तुमची मुलगी-जावई राहत असतील आणि ऑगस्टमध्ये तुमचं जाणं होणार असेल, तर अंतिम फेरीच्या दिवशी दुपारीच निघा. संघ आत जाण्याआधी बाहेर पार्किंगमध्ये उभे राहून वाजवतात आणि शौकीन त्यांच्याभोवती कोंडाळं करून ऐकतात. तिथे ढोल हातभर अंतरावर असतो, वर आकाश असतं, तिकीट लागत नाही. एकेक ठोका वेगळा ऐकू येतो. मनसोक्त ओरडा.