आधी अर्थिंग

घरी वर्कशॉप काढणार म्हणून दहा वर्षं सांगत फिरणारे निवृत्त गृहस्थ तुमच्याही ओळखीत असतीलच. आमच्या मजल्यावर नाना आहेत. लेथ, टेबल सॉ, कॉम्प्रेसर, वेल्डिंग अशी यादी तयार आहे. घरात आलंय ते फक्त ड्रिल.

"दोन पॉवर पॉइंट काढा आणि करा की सुरू," असं मी बोलून गेलो.

"एक एचपी म्हणजे 746 वॅट," नानांनी मला धरलंच. "पण मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. बी कर्व्हची एमसीबी लावलीस तर करवत फिरायच्या आधी पडेल. सी घ्यायची. दिव्यांचं सर्किट वेगळं. नाहीतर एमसीबी पडली की खोलीत अंधार आणि पातं अजून फिरतंय. उरलेली बोटं मोजायला तरी उजेड हवा ना? पण हे सगळं नंतर. आधी अर्थिंग!"

नानांचं सगळं तिथेच येऊन थांबतं. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तर घरी येऊन म्हणाले, "मुलगी सोन्यासारखी, पण त्यांनी फ्रिजची तिसरी पिन मोडून टाकलीय." लग्न ठरलं. मंगलाष्टकांच्या वेळी नाना जनरेटरमागे वाकलेले. भटजींनी "सावधान" म्हणताच मांडवामागून आवाज आला, "मी सकाळपासून तेच सांगतोय!"

वर्कशॉपसाठी त्यांनी कंपाउंडात आठ फुटी खड्डा खणवला. आत तांब्याची प्लेट, कोळसा, पोत्याने मीठ. उन्हाळ्यात रोज सकाळी त्यात दोन बादल्या पाणी ओततात. नानींच्या तुळशीला उरलं तर. रेझिस्टन्स एक ओहमच्या खाली आला त्या दिवशी सोसायटीत पेढे वाटले. नातीच्या वेळी बर्फीवर भागवलं होतं, हे नानी अजून विसरलेल्या नाहीत.

असा माणूस जिन्यात दिसला की मी मोबाइल कानाला लावतो.

परवा आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशी सहज म्हणाल्या, की घरी कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. नाना नेमके दारातच. संध्याकाळी पिशवी घेऊन वस्तीत हजर, मागे टॉर्च धरायला मी. बोर्डातल्या तिसऱ्या भोकाला वायरच नव्हती. "एमसीबी आहे की," मावशींचा मुलगा म्हणाला. नाना पहिल्यांदाच हळू बोलले. "ती वायर वाचवते रे. माणूस नाही."

वर्कशॉपसाठी आणलेली तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी त्यांनी तिथे बसवली. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परतला नाही, की ही क्षणात लाइन तोडते. मग दाराशी अर्थिंगचा रॉड ठोकला, बोर्डापर्यंत हिरवी वायर ओढली, टेस्ट बटण दाबून ती पडते का हे तीनदा पाहिलं. पैसे विचारले तर चहा मागितला, तोही बिनसाखरेचा.

शेजारणीने दारातून डोकावून विचारलं, "आमच्याकडं पण बघता का?"

वर्कशॉपच्या डीबी बॉक्समध्ये आता सगळ्या खाचा रिकाम्या आहेत. नानी कपाळाला हात लावतात. लेथ कधी येणार, असं मी काल मुद्दाम विचारलं.

"थांब रे," नाना पिशवीत पक्कड कोंबत म्हणाले, "नाल्यापलीकडची ओळ राहिलीय अजून. टॉर्च घे."