मूर्तिकाराने डोंगरसायकलच्या शर्यतीत उतरण्याची शास्त्रोक्त पद्धत

सिंधुदुर्गात राहून, कलेवर पोट भरून, वर माउंटन बायकिंगच्या शर्यतीही मारायच्या आहेत, अशांसाठी हे मार्गदर्शन आहे. यांपैकी एकच गोष्ट ज्यांना करायची आहे त्यांनी वाचत न बसता ती करावी.

आधी आपली कला कोणती ते पाहा, कारण सरावाचा हंगाम तीच ठरवते. दशावतारी असाल तर विषय जवळजवळ संपलाच. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की वैशाखापर्यंत आज या गावात नाटक, उद्या त्या गावात. नेमके याच दिवसांत सडे कोरडे असतात, घाट्या मोकळ्या असतात आणि तुम्ही उजाडताना खोबरेल तेलाने तोंडाचा रंग उतरवत असता. फायदा एवढाच की दशावतारात संवाद लिहून मिळत नाहीत, उभ्या उभ्या रचावे लागतात. उतारावर वळण घेताच गडगा आडवा आला तर ही सवय कामी येते.

मालवणात बसून लॅपटॉपवर मुंबईच्या एजन्सीची चित्रं काढणाऱ्यांनी आपली रड इथे सांगू नये. त्यांची अडचण नेटवर्कची आहे, सायकलची नव्हे.

खरा कस गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडतात त्या कारखान्यात लागतो. ज्येष्ठ-आषाढात घराघरांतून मूर्तीसाठीचे पाट येऊन पडतात, माती मळली जाते, आणि श्रावण सरता सरता रात्र-रात्र रंगकाम चालतं. बाहेर धो-धो पाऊस. एरवी कानशीसारखा टायर खाणाऱ्या जांभ्यावर आता शेवाळ धरलेलं असतं, म्हणजे सड्यावर ब्रेक दाबणं हा निव्वळ श्रद्धेचा भाग.

इकडे देशातली नावाजलेली एमटीबी हिमालय ही अनेक दिवसांची शर्यत हिमाचलात होत आली आहे, बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. विसर्जन झालं, मूर्तिकार मोकळा, पाय मोकळे, योग जुळलाच म्हणायचा! मेख अशी की त्याआधीचे जे दोन-तीन महिने कसून सराव करायचा, ते सगळे तुम्ही सोंड गुळगुळीत करण्यात घालवलेले असतात. चतुर्थीनंतर करू म्हणावं, तर भातकापणी दारात उभी.

तेव्हा सराव कामातच लपवावा. 'सराव' हा शब्द मात्र गावात उच्चारू नये. वाटेत काकी भेटतेच.

"काय रे, गाडयेतला पेट्रोल संपला?"

"नाय गे काकी, सराव करतंय."

"कसलो?"

"शर्यतीचो."

"मगे पगार गावतलो?"

या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही प्रशिक्षकाकडे उत्तर नाही. त्यापेक्षा पाठीवरच्या पिशवीत रंगाचे डबे भरावेत आणि "रंग आणूक गेललंय" म्हणून पुढे सुटावं. वजन घेऊन चढ मारल्याचं पुण्य मिळतं ते वेगळंच.

आता सगळ्यात नाजूक बाब, आणि इथे चेष्टा नाही. मूर्तीला डोळे शेवटी काढतात. त्या आखणीत करंगळी मूर्तीच्या गालाशी टेकवून हात स्थिर करायचा आणि तेवढ्या आधारावर बारीक ब्रश फिरवायचा. खडबडीत उतारावर हँडलवर तळव्याचा भार पडून करंगळीच्या बाजूची नस दबते. डॉक्टर तिला अल्नर नर्व्ह म्हणतात. मग करंगळी आणि अनामिका बधिर होतात, बोटांत मुंग्या येतात, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत पकड सैल राहते. बधिर करंगळीचा आधार घेऊन काढलेला गणपती तिरळा बघतो. गिऱ्हाईक तोंडावर काही बोलत नाही. पुढल्या वर्षी त्याचा पाट दुसऱ्या शाळेत जातो.

उपाय आहेत. तळव्याला गादी असलेले हातमोजे घाला, टायरमधली हवा थोडी कमी ठेवा, कोपरं ताठ धरू नका, पकड सारखी बदलत राहा. आणि आखणीच्या आदल्या दिवसापासून उतार पूर्ण बंद. चढ चालेल. दाणोलीहून सुमारे 690 मीटर उंचीवरच्या आंबोलीपर्यंत दम लागेस्तोवर चढावं आणि परतीला बेळगावहून भाजी घेऊन उतरणारा टेम्पो गाठावा. टोमॅटोच्या क्रेटवर बसून घाट उतरण्यात कमीपणा मानू नये. हात शाबूत राहतात.

बाहेरगावचा प्रशिक्षक ऑनलाइन नेमला असेल तर तो वर्षाचं वेळापत्रक आधीच मागेल. त्याला नम्रपणे सांगा की आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, ती देवीचा कौल घेऊन ठरते, आणि ठरल्यावर घर पाहुण्यांनी भरतं. त्या आठवड्यात तुमच्या नाडीचे ठोके वाढलेले दिसले तर ते व्यायामामुळे नव्हेत.

एका गोष्टीची मात्र हळहळ वाटते. 1912 ते 1948 या काळात ऑलिम्पिकमध्ये शिल्पकला आणि चित्रकलेलाही पदकं होती. वॉल्टर वायनन्स या गृहस्थाने 1908 साली लंडनला नेमबाजीत सुवर्ण घेतलं आणि 1912 साली स्टॉकहोमला शिल्पकलेत. माउंटन बायकिंग ऑलिम्पिकमध्ये आलं 1996 साली, अटलांटाला. म्हणजे आपला माणूस दोन्हीकडे उभा राहू शकला असता, तो योग 48 वर्षांनी हुकला. नाहीतर काकीला सांगायला काहीतरी होतं.

तोल साधण्याबद्दल विचाराल तर तो साधत नाही. आषाढ ते भाद्रपद माती जिंकते, बाकीचे महिने सायकल जिंकते, आणि ज्याला दोन्ही वर्षभर हवं आहे त्याची करंगळी जाते. वाचकांना एवढीच विनंती: तुमचा मूर्तिकार सायकलवाला असेल तर पाट लवकर नेऊन द्या, आगाऊ रक्कम जरा सढळ हाताने द्या, आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री पितांबराचा रंग बदलायला सांगू नका.