वार लावून संख्याशास्त्र

अमेरिकी विद्यापीठाचं प्रवेशपत्र हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानायला हरकत नाही. पहिल्या परिच्छेदात इतकं ओसंडून अभिनंदन असतं, की वाचणाऱ्याला आपण एखादा गड सर करून आलो आहोत असं वाटावं. दुसऱ्यात विभागाची थोरवी. तिसऱ्यात मात्र पत्राचा आवाज एकदम खाली येतो आणि पैशांचा विषय निघतो. माझ्या भाचीला मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठातून संख्याशास्त्राच्या पीएच.डी.साठी असं पत्र आलं, तेव्हा घरातल्या झाडून सगळ्यांनी तो तिसरा परिच्छेदच आधी वाचला. शिक्षणशुल्क माफ. आरोग्य विमा विद्यापीठाकडून. आठवड्याला वीस तास टीचिंग असिस्टंट म्हणून काम, त्याबद्दल वर्षातले नऊ महिने मानधन. पुढच्या वर्षीही हेच मिळेल, मात्र प्रगती समाधानकारक हवी आणि निधी उपलब्ध हवा. संभाव्यतेचा अभ्यास करायला निघालेल्या मुलीला पहिला गृहपाठ त्या शेवटच्या अटीनंच देऊन टाकला होता.

या पत्रांमागे एक अर्थशास्त्र आहे आणि ते ढोबळमानानं असं, की पीएच.डी.ला घेतलं तर विद्यापीठ पोसतं आणि मास्टर्सला घेतलं तर बाप पोसतो. बापाला जमत नसेल तर बँक पोसते आणि घराची कागदपत्रं तारण म्हणून स्वतःजवळ सांभाळते. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी निधी उभारला, तोही परतफेडीच्या बोलीचा. शिष्यवृत्ती आणि कर्ज यांचं ते लग्न अजून टिकून आहे. पीएच.डी.वाल्यांपुढे तीन वाटा असतात. पोरांना शिकवा, प्राध्यापकाच्या संशोधनात हात द्या, नाहीतर फेलोशिप मिळवा आणि कुणाचंच काम न करता आपलं काम करा. तिसरी वाट अर्थातच सगळ्यांत सुंदर. पण तिथली सर्वांत नावाजलेली, नॅशनल सायन्स फाउंडेशनची १९५२पासून चालत आलेली फेलोशिप फक्त अमेरिकी नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळते. आमच्या भाचीनं तिच्याकडे, दागिन्यांच्या पेढीच्या काचेकडे पाहावं तसं, चालता चालता पाहिलं आणि ती पुढे गेली.

पत्राला उत्तर द्यायची मुदत १५ एप्रिल. त्याच्या आत निर्णयाची सक्ती करायची नाही, असं तिकडच्या बहुतेक विद्यापीठांनी आपसांत ठरवलेलं आहे. पुढे कळलं, की प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायची शेवटची तारीखही तीच. म्हणजे ज्या तारखेला पैसे स्वीकारायचे, त्याच तारखेला पुढच्या वर्षीपासून त्यांतले थोडे परत करायचे. या जाचात भारतीय विद्यार्थ्याला एक लहानसा दिलासा आहे. दोन देशांमधल्या करारामुळे त्याला कराच्या हिशेबात स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, जे इतर देशांहून आलेल्या विद्यार्थ्यांना सहसा मिळत नाही. करारनाम्याच्या त्या कलमाबद्दल भाची ज्या मायेनं बोलते, त्या मायेनं ती आम्हा नातेवाइकांबद्दल कधी बोलल्याचं स्मरणात नाही.

हे सगळं व्हिडिओ कॉलवर चाललेलं असताना माझी आई शेजारी बसून शेंगा सोलत होती. तिला टीचिंग असिस्टंट, रिसर्च असिस्टंट यांतलं काही कळत नव्हतं. पण अर्ध्या तासानं तिनं मान वर केली आणि म्हणाली, "म्हणजे हिनं वार लावलेत."

आईचे वडील कोकणातून पुण्यात येऊन वार लावून शिकले. सोमवारी एका वकिलांकडे, मंगळवारी एका वैद्यांकडे, बुधवारी एका विधवा आजींकडे. कुणाकडे जेवणाआधी विहिरीचं पाणी भरायचं, कुणाच्या धाकट्याला पाढे म्हणून दाखवायचे. वैद्यांकडे आमटी पातळ असे पण वाढणारा हात सैल होता, वकिलांकडे नेमकं उलटं. कुठल्या घरी दुसऱ्यांदा भात मागायचा आणि कुठल्या घरी मागायचा नाही, हे ज्ञान त्यांना मॅट्रिकच्या भूमितीइतकंच पक्कं होतं. एखादा वार रिकामा राही. त्या दिवशी चुरमुरे. आजोबा पुढे सुस्थितीत आले, तरी सात घरांच्या सात चवी ते म्हातारपणी बिनचूक सांगत आणि कुठल्याही घराला नावं ठेवत नसत.

आईचं ते वाक्य ऐकल्यापासून मला संख्याशास्त्राचा सगळा इतिहासच पंगतीला बसलेला दिसू लागला. या विद्येला स्वतःची चूल अशी फारशी कधी नव्हतीच. विल्यम गॉसेटला गिनेस या बिअर बनवणाऱ्या कंपनीनं १९०६मध्ये लंडनला कार्ल पिअर्सनच्या प्रयोगशाळेत शिकायला धाडलं. १९०८मध्ये त्याचा शोधनिबंध छापून आला तो 'स्टुडंट' या टोपणनावानं, कारण कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावानं लिहिलेलं कंपनीला चालत नसे. त्या निबंधातून निघालेली, जगभरच्या संशोधकांच्या उपयोगी पडणारी टी-टेस्ट बिअरच्या पैशांवर वाढली आहे. रोनाल्ड फिशर १९१९मध्ये रोदमस्टेडच्या शेतीसंशोधन संस्थेत गेला. ती संस्था रासायनिक खताच्या कमाईवर उभी राहिलेली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल डेव्हिड पिअर्सनची सहायक होती आणि हातानं दांडा फिरवायच्या गणकयंत्रावर तक्ते तयार करत होती. तिच्याच अंदाजानं तिनं तो दांडा वीस लाख वेळा फिरवला असेल. यंत्र अडकलं की विणकामाच्या लांब सुया आत घालून ते सोडवायची युक्तीही तिनं आत्मसात केली होती. रिसर्च असिस्टंटशिपची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या माहितीपत्रकात आढळलेली नाही.

आणि सी. आर. राव. ते १९४६मध्ये केंब्रिजला गेले ते हाडं मोजायला. सुदानमधल्या जेबेल मोया इथल्या उत्खननात सापडलेल्या सांगाड्यांचा अभ्यास करायला केंब्रिजच्या संग्रहालयाला माणूस हवा होता. ते काम करता करता त्यांनी फिशरकडे पीएच.डी.ला नाव घातलं, तर फिशरनं त्यांना उंदरांच्या आनुवंशिकतेच्या प्रयोगांना जुंपलं. एका घरी हाडं, दुसऱ्या घरी उंदीर, आणि मधल्या वेळात स्वतःचा प्रबंध. त्यांना ज्या भारतीय संख्याशास्त्रीय संस्थेनं धाडलं, तिचा १९३१मध्ये सुरू झाल्यावर पहिल्या वर्षाचा एकूण खर्च २३८ रुपये होता. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी तीही प्रेसिडेन्सी कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागात, म्हणजे दुसऱ्याच्याच घरात, थाटली होती.

भाचीच्या वाट्याला पहिल्या वर्षी प्राथमिक संख्याशास्त्राचे वर्ग आले. या विषयावर प्रेम असलेला विद्यार्थी त्या वर्गात सहसा सापडत नाही. तिथे बसलेले असतात ते परिचारिका, हॉटेल व्यवस्थापक आणि मानसशास्त्रज्ञ व्हायला निघालेले, पदवीच्या वाटेवरचा टोलनाका म्हणून थांबलेले जीव. त्यांचे पेपर ती रात्री तपासते. एका मुलानं प्रमाण विचलन उणे काढलं होतं, जे कधीच उणे येऊ शकत नाही, आणि खाली लिहिलं होतं, 'आय अ‍ॅम सॉरी'. तिनं त्या दिलगिरीला अर्धा गुण दिला. वीस तासांचं काम वीस तासांत कधी संपत नाही. पण विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला त्याहून जास्त काम करायला मनाई असल्यामुळे कागदोपत्री ते वीस तासांतच संपतं. या विषयातला सर्वांत शिस्तबद्ध डेटा बहुधा तोच असावा.

खरा रिकामा वार म्हणजे उन्हाळा. मानधन नऊ महिन्यांचं आणि पोट बारा महिन्यांचं. कुणी औषध कंपन्यांत इंटर्नशिप धरतात, कुणी उन्हाळी वर्ग घेतात. भाचीला पशुविज्ञान विभागात काम मिळालं. डुकरांना दोन प्रकारचं खाद्य घालायचं आणि कुठल्यानं वजन जास्त वाढतं ते पाहायचं. घालणारे दुसरे होते, पाहणारी ही. ही बातमी आईपासून बरेच दिवस 'शेतीचं काहीतरी' या नावाखाली दडवून ठेवली होती. पण नातीला खोटं बोलता येत नाही आणि आजीला अर्धवट काही ऐकवत नाही, त्यामुळे एका रविवारी सगळं बाहेर आलं.

आईनं डुकरांबद्दल चकार शब्द काढला नाही. तिला भलतंच जाणून घ्यायचं होतं.

"मग कुठलं खाद्य चांगलं निघालं?"

"फरक आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही मिळाला, आजी."

"म्हणजे फरक नाही."

"तसं नाही म्हणता येत गं."

"म्हणजे उन्हाळाभर काम करून तू त्यांना काहीच सांगितलं नाहीस?"

"हेच सांगितलं ना!"

"आणि पैसे?"

"दिले की. सगळे."

आईनं चष्मा काढून पदरानं पुसला. नातीकडे, म्हणजे फोनकडे, नीट पाहून म्हणाली, "चांगली माणसं आहेत हो. पुढच्या उन्हाळ्यालाही तिथेच विचार."