पत्ता सोडून काहीही विचारा

म्युनिकमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त आजोबा राहतात. खोटं बोलणं त्यांना जमत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचे नवे पडदे कसे दिसतात, हे त्यांनी एकदा खरंखरं सांगितलं. बाई अजून बोलत नाहीत. पण ऑगस्टात दणकून पाऊस होऊन ऊन पडलं, की हा सत्यवचनी माणूस पार बिघडतो.

रविवारी पहाटे जिन्यात भेटतात. हातात वेताची टोपली, खिशात माती झाडायचा ब्रश लावलेली सुरी.

"कुठे निघालात?"

"डॉक्टरकडे."

दुपारी श्टाइनपिल्स घेऊन परततात. इटालियन हॉटेलात पोर्चिनी म्हणून महागात खातो, तीच ही अळंबी. मग विद्यादान सुरू, आणि त्यात हात अजिबात आखडता नाही. टोपी उलटी करून दाखवतात: खाली नेहमीच्या मशरूमच्या चुण्या नाहीत, बारीक छिद्रांचा थर; कोवळेपणी पांढरा, मग पिवळट, शेवटी हिरवट. जाड देठावर, वरच्या अंगाला, पांढरी नाजूक जाळी. मग सुरीने उभी चिरतात आणि थांबतात. आतला गर पांढराच राहायला हवा. जाळी काळपट आणि छिद्रं गुलाबीसर असतील तर ती हिची कडू चुलत बहीण. एकटी आली तरी अख्खी कढई बाद करते. छिद्रं लालभडक असली तर वाट बदलायची. १९८६ साली चेर्नोबिलहून आलेलं सीझियम इथल्या रानमातीत अजून आहे, तेव्हा रोज चापायची नाही, हेही बजावतात.

"पण मिळाली कुठे?"

"झाडाखाली."

"कुठल्या?"

"स्प्रूसच्या."

बव्हेरियात स्प्रूस म्हणजे कोकणात माड! वर समजावतात, की हिची झाडाच्या मुळांशी सोयरीक असते, म्हणून शेती करता येत नाही, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षं त्याच जागी... इथे जीभ चावतात आणि हवापाण्यावर येतात.

गाडी एका रानाशी लावून, डिकीतली सायकल काढून ते भलत्याच रानात जातात, ही बातमी आजींची. फोन घरी ठेवून. आजींनाही जागा ठाऊक नाही. त्यांची तक्रारही नाही, रविवार मोकळा मिळतो.

यंदा आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि पाऊस नेमका झकास. खिडकीत बसून तळमळताना बघवेना. म्हटलं, "जागा सांगा, मी आणतो. नियमाप्रमाणे, घरापुरतीच."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे, मग बराच वेळ खिडकीबाहेर.

"बाजारात पोलंडची येते," ते म्हणाले. "बरी असते."