मा. ग्रीन टी अर्क यांच्या सत्काराबाबत

प्रति,
मा. ग्रीन टी अर्क,
मुक्काम : फेसवॉशची मागची बाजू, खालून दुसरी ओळ.

विषय : आपला सत्कार आणि मानपत्रासाठी लागणारी कागदपत्रं.

महोदय,

स. न. वि. वि.

आमच्या सोसायटीच्या सांस्कृतिक समितीने गणेशोत्सवात आपला शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं एकमताने ठरवलं आहे. पार्किंग, पाण्याची टाकी आणि वर्गणी या विषयांवरून जी माणसं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, ती आपलं नाव निघताच एका सुरात बोलू लागतात. बी विंगमधल्या काकू सांगतात, आपण सुरकुत्या घालवता. त्यांचे यजमान म्हणतात, पोट उतरवता. कॉलेजातली मुलं मुरमं आली की आपला धावा करतात. जिमवाल्यांकडे आपण कॅप्सूलमधून येता, सकाळी फिरायला जाणाऱ्यांकडे दोऱ्याला लटकून. शाम्पूत आपण, टूथपेस्टमध्ये आपण, तोंड पुसायच्या ओल्या रुमालातही आपणच. एवढा लोकसंग्रह आमच्या नगरसेवकालाही जमलेला नाही.

मानपत्र लिहायचं काम सेक्रेटरी या नात्याने माझ्या गळ्यात पडलं. मानपत्रात थोडं वाढवून लिहायचंच असतं; पण समितीवर एक निवृत्त ऑडिटर आहेत आणि त्यांना प्रत्येक विशेषणामागे व्हाउचर हवं आहे. सबब हा पत्रप्रपंच. पुढील दाखल्यांची छाननी झाली आहे, शेरे खालीलप्रमाणे.

जन्मदाखला. याबद्दल तक्रार नाही. टपरीवर आलं-साखर-दुधात उकळणारा चहा आणि आपण, दोघं एकाच झुडपाचे : कॅमेलिया सायनेन्सिस. पान खुडल्यावर लगेच वाफ दिली किंवा कढईत परतलं, की ऑक्सिडीकरण करणारं विकर निकामी होतं आणि पानातली कॅटेचिनं ही द्रव्यं शाबूत राहतात. तेच पान चुरून हवेवर पसरलं, की त्या कॅटेचिनांची थिआफ्लेविनं आणि थिआरुबिजिनं होतात, आणि पान काळं पडतं. सख्खे भाऊ, पण एकाला लोक व्यसन म्हणतात आणि दुसऱ्याला जीवनशैली.

आपली एक जुनी जाहिरात एका संन्याशाने केली. एइसाई नावाच्या जपानी बौद्ध भिक्षूने १२११ मध्ये चहा पिऊन प्रकृती कशी राखावी यावर ग्रंथ लिहिला. त्यानंतर सातशे वर्षं आपली कीर्ती होती, पण आपल्यातली कॅटेचिनं कोणी वेगळी करून पाहिली नव्हती. १९२९ मध्ये मिचियो त्सुजिमुरा यांनी हिरव्या चहातून कॅटेचिनचे स्फटिक वेगळे करून दाखवले. होक्काइदोच्या विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश नव्हता, म्हणून या बाईंनी तिथे बिनपगारी मदतनीस म्हणून सुरुवात केली होती. १९३२ मध्ये त्या कृषिशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या जपानमधल्या पहिल्या स्त्री ठरल्या. ज्या द्रव्याच्या जिवावर आपण मिरवता, ते ओळखून देणाऱ्या या बाईंचं नाव एकाही डबीवर आढळलं नाही. डबीवर असते ती दुसरीच बाई, बाविशी-तेविशीची, जी सुरकुत्या गेल्याच्या आनंदात हसत असते.

रहिवासी दाखला. इथे घोळ आहे. काकूंनी आपल्या फेसवॉशची ट्यूब पुराव्यादाखल आणून दिली. पुढच्या बाजूला हिरवं पान, पानावर दवबिंदू आणि आपलं नाव ठळक अक्षरांत. मागची यादी ऑडिटरसाहेबांनी भिंग लावून मोठ्याने वाचली : पाणी, सोडियम लॉरेथ सल्फेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन, ग्लिसरीन, मीठ, फिनॉक्सिइथेनॉल. मग सभागृहात शांतता पसरली आणि आपण अवतरलात. आपल्यामागे सुगंध, आणि सगळ्यात शेवटी सीआय १९१४० व सीआय ४२०९०.

नियम असा आहे, की एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापायचे. त्याखालच्यांनी कसंही उभं राहावं. फिनॉक्सिइथेनॉल हे टिकवण्यासाठी घालतात आणि त्याची कमाल मर्यादाच एक टक्का. आपण त्याच्या मागे. म्हणजे त्या ट्यूबमध्ये आपण एक टक्क्यापेक्षा जास्त असू शकत नाही. किती कमी आहात, हे छापण्याची सक्ती कोणावर नाही. शेवटचे दोन आकडे म्हणजे पिवळा आणि निळा रंग. दोन्ही कालवले की हिरवा. तेव्हा ट्यूबमधला हिरवेपणाही आपला नव्हे, आणि तो आपला असणं अवघडच. कारण आपल्यातलं सर्वांत नावाजलेलं कॅटेचिन, ज्याला ईजीसीजी म्हणतात, ते पाण्यात आणि हवेत फार टिकत नाही, तपकिरी पडतं. त्यात फेसवॉश तोंडावर राहतो अर्धं मिनिट, मग बेसिनमध्ये. आमच्या ड्रेनेजच्या पाइपांना एव्हाना केवढा तजेला आला असेल!

अनुभवाचा दाखला. परीक्षानळीतली आपली अँटिऑक्सिडंट कामगिरी अव्वल आहे. तिथे आपण पेशींना इजा करणारा फ्री रॅडिकल दिसला की लोळवता. पण परीक्षानळीला ना यकृत असतं ना कातडी. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांची अँटिऑक्सिडंट ताकद मोजणारी 'ओरॅक' ही मोठी यादी तयार केली होती, आणि २०१२ मध्ये तीच संकेतस्थळावरून उतरवली. त्या आकड्यांवरून शरीरात काय होईल ते कळत नव्हतं आणि कंपन्या मात्र ते आकडे जाहिरातीत मिरवत होत्या. आपल्या बिरादरीतल्या बीटा-कॅरोटीनचा किस्सा तर आपल्याला माहीत असेलच. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल लागला, तेव्हा ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. 'अँटिऑक्सिडंट' हे पद आहे, चारित्र्य नव्हे.

त्वचेचं म्हणाल, तर आपल्या बाजूनेही कागद आहेत. अतिनील किरण सोडण्यापूर्वी आपला लेप लावला, तर कातडीची लाली कमी होते, असं २००१ मध्ये माणसांवर दिसलं. मुरमं आणि चेहऱ्याचा तेलकटपणा यांवरही लहान चाचण्यांत थोडा गुण आला. पण काकूंचा प्रश्न सुरकुत्यांचा आहे. २००५ मधल्या एका चाचणीत ४० स्त्रियांपैकी निम्म्यांना आठ आठवडे दहा टक्क्यांचं मलम लावायला दिलं आणि वर गोळ्याही दिल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेचे लवचीक तंतू सुधारलेले दिसले. डॉक्टरांना नुसत्या डोळ्यांनी फरक दिसला नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी दोन वर्षं चालली, ५६ स्त्रियांवर. आपल्या गोळ्या आणि नकली गोळ्या यांत शेवटी ठळक फरक निघाला नाही. काकू आरशाऐवजी सूक्ष्मदर्शकात पाहायला तयार असतील, तर 'सुरकुत्या घालवणारे' हे विशेषण मानपत्रात ठेवता येईल.

यजमानांच्या पोटाबाबत कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये उपलब्ध चाचण्या तपासल्या. वजनात पडलेला फरक इतका किरकोळ होता, की वैद्यकाच्या दृष्टीने तो नसल्यात जमा. यजमान ग्रीन टीसोबत बटाटावडा घेतात, हे समितीने स्वतंत्रपणे नोंदवलं आहे.

एक दाखला मात्र खणखणीत. जपानच्या मियागी प्रांतातल्या ४०,५३० लोकांची नोंद ठेवली गेली. ११ वर्षांपर्यंतच्या नोंदींत दिसलं, की दिवसाला पाच किंवा जास्त कप पिणाऱ्यांत मृत्यूचं, विशेषतः हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूचं प्रमाण कमी होतं. कर्करोगात फरक नव्हता. हे चहा पिणाऱ्यांचं निरीक्षण होतं, चाचणी नव्हे, त्यामुळे श्रेय कपाला की त्या माणसांच्या राहणीला, ते ठरवता येत नाही. शिवाय तो कपातला चहा होता. ट्यूबने त्यावर हक्क सांगू नये.

चारित्र्य पडताळणी. कपात आपण सज्जन आहात. कॅप्सूलमध्ये कोंबल्यावर आपला तोल जातो. वजन घटवण्यासाठी विकलं जाणारं आपलं एक उत्पादन २००३ मध्ये फ्रान्स आणि स्पेनमध्ये बाजारातून काढावं लागलं, कारण घेणाऱ्यांची यकृतं बिघडत होती. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये हिशेब मांडला : चहा पिणाऱ्यांच्या पोटात दिवसाला साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी जातं, पूरक गोळ्यांतून ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं, की रक्तात यकृताच्या त्रासाच्या खुणा दिसू लागतात. २०२२ पासून युरोपात दिवसाच्या गोळ्यांत ८०० मिलिग्रॅमच्या आतच राहायचा नियम आहे आणि 'रिकाम्या पोटी घेऊ नये' हेही छापावं लागतं. आमची जिममधली पोरं पहाटे रिकाम्या पोटीच घेतात, अंगाला लवकर लागावं म्हणून.

दुसरी बाब घरगुती आहे. जेवणाबरोबर आपण पोटात आलात, की पालेभाजी-कडधान्यांतलं लोह धरून बसता, ते अंगी लागू देत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा घरात मेथीच्या भाजीवर लगेच ग्रीन टी पिऊन चेहऱ्यावर तेज यायची वाट पाहणं म्हणजे एका हाताने भरलेली बादली दुसऱ्या हाताने ओतून देणं. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवलं, तर भांडण बरंचसं मिटतं. पण हे पाकिटावर छापून पाकीट खपत नाही.

पुरस्कार, असल्यास. इतक्या छाननीनंतर आपला एक खराखुरा सन्मान हाती लागला, आणि तो आपण लपवून का ठेवलात हेही लगेच कळलं. २००६ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने आपल्या कॅटेचिनांचं मलम डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायचं औषध म्हणून मंजूर केलं. वनस्पतीपासूनच्या औषधांसाठी त्यांनी आखलेल्या नव्या धोरणाखाली पास झालेलं ते पहिलं औषध. त्यात आपण १५ टक्के असता, दिवसातून तीनदा लागता आणि जास्तीत जास्त १६ आठवडे. दुष्परिणाम छापील : लाली, खाज, जळजळ. रंग तपकिरी, म्हणजे आपला स्वतःचा. आणि उपयोग? जननेंद्रियांवर आणि गुदद्वाराभोवती विषाणूमुळे येणाऱ्या चामखिळी घालवणे.

महोदय, जिथे आपलं काम सिद्ध झालं, तिथे ना पान, ना दवबिंदू, ना हसरी बाई. जिथे सिद्ध झालं नाही, तिथे आपण पोस्टरभर. यात आपला दोष नाही. आपण झुडपाचं पान. आपल्याला फेसवॉशमध्ये नेऊन बसवणारे वेगळे आहेत आणि त्यांना चामखिळीत रस नाही.

तरी समितीचा निर्णय असा : सत्कार होईल. शालीची लांबी डबीवर छापलेल्या टक्केवारीच्या प्रमाणात राहील. टक्केवारी छापलेली नसल्यास रुमालावर भागवावं. कपातून, बिनसाखरेचे, जेवणानंतर तासाभराने आलात, तर खुर्ची पहिल्या रांगेत. कॅप्सूलमधून आलात, तर गेटवर नाव लिहून घेतलं जाईल. १५ टक्क्यांच्या तपकिरी मलमाला पूर्ण शाल आणि श्रीफळ मंजूर आहे. फक्त त्याचं मानपत्र लहान मुलांसमोर कोणी वाचायचं, यावर समितीत पुन्हा दोन तट पडले आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मानद सेक्रेटरी

ता. क. : येताना सनस्क्रीनला बरोबर आणावं. उन्हाने पडणाऱ्या सुरकुत्यांबाबत त्याचे कागद आमच्याकडे कधीच आले आहेत आणि ऑडिटरसाहेबांनी त्यावर सहीसुद्धा केली आहे. त्याचा सत्कार मात्र अजून कोणी सुचवलेला नाही.